फक्त बघायचा हक्क

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तलासरीच्या आमच्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर नेटवर्कच्या एका स्विचला जोडलेले, आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना पाठ! कुणीही सेटिंग बदलायचं आणि बिलिंग बंद पडायचं. म्हणून मसोलीहून स्कूटरवर ही इंजिनिअर बाई आली. गाणं गुणगुणत तिने प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं. मला मात्र फक्त बघायचा हक्क.

“अहो, मी मॅनेजर आहे!”

“म्हणूनच, सर. तुम्ही बघायचं. बदल आयटीवाले करतील.”

मी फुगून बसलो. निघताना तिने स्वतःचं लॉगिनही काढून टाकलं.

लगेच परत आली. हेल्मेट स्विचच्या खोलीत राहिलं होतं. दार सताड उघडं, तरी ती बाहेरच थांबली.

“सर, हेल्मेट देता? माझा हक्क संपलाय.”

मी आत जाऊन तिथूनच हेल्मेट उंचावलं. “हे बघा. फक्त बघायचं हं!”