ढोल्या जेवला का?

फोन वाजला की काकू आधी देवाकडे बघत आणि मग काकांकडे. इथली भाषा काकांना बरी येत होती, म्हणून फोन तेच घेत. काकूंकडे काम उरे ते त्यांच्या चेहऱ्यावरून मजकूर ओळखायचं.

"जेवला का?" फोन खाली जायच्या आतच त्या विचारत.

काका नुसती मान हलवत. नाही.

ढोल्या म्हणजे त्यांचा कुत्रा. घरी आणला तेव्हा सगळ्या अंगाचं मिळून नुसतं पोट होतं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. आता तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, जिना चढताना मधल्या पायरीवर बसून घ्यायचा. काकांना एका शीतगृहात यंत्रं सांभाळायची नोकरी लागली, तीही परमुलखात, तेव्हा सगळ्या नातेवाइकांचं एकमत झालं की कुत्रा कुणाला तरी देऊन टाकावा. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग मलाही द्या कुणाला तरी. दोघांना एकदमच न्यायला या." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आणला खरा, पण विमानातून उतरल्या उतरल्या त्याला सरकारी गाडीत घालून गावाबाहेरच्या विलगीकरण केंद्रात नेलं. परमुलखातल्या प्रत्येक कुत्र्यानं महिनाभर तिथे एकट्यानं राहायचं, काही रोग नाही हे दिसलं की मगच घरी सोडायचं, असा नियम. भेट आठवड्यातून एकदा, आणि तीही पहिला आठवडा उलटल्यावर. गाडीचं दार लागताना ढोल्यानं मागे वळून पाहिलं नाही, तो समजला होता काकू मागून येताहेत.

इकडे काकूंची तरी काय वेगळी गत होती! तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकी चार बोटं उघडे आणि तिथेच अडे. दार आपोआप लागून बंद होई. पहिल्याच दिवशी त्या कचरा टाकायला बाहेर गेल्या आणि काका येईपर्यंत जिन्यातच बसून राहिल्या. त्यानंतर उंबरा ओलांडायचा धसकाच घेतला. देव फ्रिजशेजारच्या फळीवर मांडलेले. दिवा लावला तर छतावरचं धुराचं यंत्र असं काही कोकललं की इमारतीतली सगळी माणसं रस्त्यावर जमली. तेव्हापासून वात तेलात भिजवायची, पण पेटवायची नाही. काकू हात जोडून म्हणत, "देवा, समजून घे." देव समजून घेत असावा. त्यालाही हे घर नवीनच होतं.

"त्याला तरी दिवसातून दोनदा कुणी बघायला येतं," त्या काकांना टोमणा मारत. "माझ्याकडे रात्री एकदाच. आणि तोही येतो आणि घोरतो."

"मग तुलाही एक पट्टा आणतो," काका म्हणत. एरवी यावर त्या हसल्या असत्या.

केंद्रात ढोल्याकडे बघणारी बाई होती. तिच्या कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा असतो, असं काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, म्हणून काकूंनी तिचं नाव चाव्यावाली ठेवलं. बाई मायेची होती. तिनं अन्न बदलून पाहिलं, कोमट करून पाहिलं, हातानं भरवून पाहिलं. ढोल्या पाणी प्यायचा, बस्स. शेवटी डॉक्टरांनी निरोप दिला: भेटीच्या दिवसापर्यंत याच्या पोटात काही गेलं नाही तर आजारी कुत्र्यांच्या खोलीत हलवून नळ्या लावू. तिथून बरा होऊन निघाला की महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. आणि या वयात तिथून निघेलच असं सांगता येत नाही.

हे काकांनी अडखळत सांगितलं.

"विचारा तिला," त्या म्हणाल्या, "भांडं ठेवलं की तो करतो तरी काय? पाठ फिरवतो?"

काकांनी विचारलं, ऐकलं आणि ते हळूहळू खुर्चीत बसले. "ती म्हणते, आजारी कुत्रं भांड्याकडे बघत नाही. हा समोर बसतो. अगदी ताठ. लाळ गळते. एकदा भांड्याकडे बघतो, एकदा दाराकडे. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा."

काकूंची नजर फ्रिजशेजारच्या देवांकडे गेली.

झालं होतं असं. काकूंच्या घरात देवाला दाखवल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नसे. काका नाही, पाहुणा नाही, आणि कुत्राही नाही. ढोल्यानं लहानपणी एकदा देवापुढच्या ताटात तोंड घातलं, तेव्हा काकूंनी दोन बोटांनी त्याच्या नाकावर टिचकी मारली होती. पुन्हा मारावी लागली नाही. घंटा वाजे, आरती होई, ढोल्या भांड्यापुढे बसून राही, आणि काकू वळून "घे बाळा, देवाचं झालं" म्हणाल्या की मगच त्याचं तोंड खाली जाई. शेजारणी मुद्दाम बघायला येत. "गेल्या जन्मीचा कुणी पुण्यवान जीव आहे हो," असं म्हणत. काका म्हणत, "पुण्यवान कसला, लाळेचं थारोळं बघा खाली." पण काकूंना मनातून अभिमान वाटे. कुठे लग्नाकार्याला गेल्या तरी ढोल्याला बरोबर नेत, नाहीतर फोन करून ते शब्द त्याच्या कानावर घालत. तो फोनवर ऐके, पण घरात. आपल्या फरशीवर, आपल्या देवापुढे.

केंद्राला त्यांनी सगळं सांगितलं होतं. कोणत्या कुशीवर झोपतो, फटाक्यासारख्या आवाजाला कसा दचकतो, कान कसा पुसायचा. एवढी एकच गोष्ट सांगायची राहिली. पाणी ओलं असतं हे कुणी कुणाला सांगतं का?

"माझ्यामुळे," काकू म्हणाल्या. "माझ्यामुळे उपाशी आहे तो."

"असं काही नाही. आता शिकवतो तिला. चार शब्द तर आहेत."

काकांनी फोनवर चाव्यावालीला शब्द शिकवले. तिनं ते इतके मन लावून घोकले की काकूंना गलबलून आलं. ढोल्यानं मात्र कान हलवला आणि दाराकडे बघितलं. मग काकूंनी घंटेपासून आरतीपर्यंत सगळं फोनवर भरून पाठवलं. त्याचा भलताच परिणाम झाला. काकूंचा आवाज ऐकताच ढोल्या उठला, भांडं उडवलं, कोपरान् कोपरा हुंगला आणि दार ओरबाडू लागला. नखांतून रक्त येईपर्यंत.

"पुन्हा हे लावायचं नाही, म्हणते," काकांनी सांगितलं. काकू उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

भेटीच्या दिवशी बस पहाटेची होती. काकांची पाळी असल्यामुळे त्यांनी काकूंना बसमध्ये बसवून दिलं आणि चालकाला चारदा बजावलं. पूजा राहिली. काकांनी डब्यात ब्रेड आणि एक केळं बळेच घातलं होतं, ते घरी परत आल्यावर देवाला दाखवूनच खाऊ, असं काकूंनी ठरवलं.

केंद्र म्हणजे एक लांबलचक करडी बोळ, दोन्ही बाजूंना जाळीची दारं. शिरताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, अंगावर कागदी झगा. एक दार मागे लागल्याशिवाय पुढचं उघडत नव्हतं. मधल्या चिंचोळ्या जागेत काकूंचा श्वास कोंडला. दोन्हीकडे बंद, आणि सगळीकडून भुंकणं. पुढचं दार उघडलं तेव्हा त्यांनी चाव्यावालीचा दंडच धरला.

ढोल्या भिंतीला टेकून पडला होता. झग्यातल्या, औषधाचा वास येणाऱ्या बाईला त्यानं आधी ओळखलंच नाही. मग एकदम ओळखलं. उठायला गेला, मागचा पाय घसरला, पुन्हा उठला आणि काकूंच्या मांडीत डोकं खुपसून असा काही विव्हळला की चाव्यावालीनं तोंड फिरवलं. नुसती हाडं हाताला लागत होती. ढोल्या म्हणवेना त्याला.

चाव्यावालीनं भांडं आणून ठेवलं. ढोल्या लगेच मांडीतून निघाला, भांड्यापुढे ताठ बसला आणि त्यानं काकूंकडे बघितलं. आता सगळं ठीक होतं. त्या आल्या होत्या.

"म्हणा ना," चाव्यावाली खुणेनं म्हणाली. "ते शब्द."

शब्द ओठांवर आले होते. म्हटले की खाईल. आत्ता खाईल. आणि उद्या पुन्हा याच भांड्यापुढे असाच बसेल, आणखी खात्रीनं, की त्या येणार आहेत. काकूंनी ओठ घट्ट मिटले. ढोल्याची शेपटी हळूहळू हलत होती, ती थांबली.

काकूंनी पिशवीतून डबा काढला.

"त्याला बाहेरचं द्यायचं नाही," चाव्यावाली घाबरून पुढे आली.

"त्याला नाही. मला," काकूंनी छातीवर हात ठेवून दाखवलं. इथली भाषा एवढी येत होती.

त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. ब्रेड हातात घेतला. अंघोळ झालेली, पण पूजा नाही, दिवा नाही, देवाला दाखवलेलं नाही. कळायला लागल्यापासून असा घास त्यांनी तोंडात घातला नव्हता. "तुला ठाऊक आहे ना रे," त्या मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, आणि घास तोंडात घातला. कोरडा ब्रेड गिळवेना. तरी त्या मुद्दाम मचमच आवाज करत चावत राहिल्या.

ढोल्या अवाक झाला. त्यानं काकूंकडे बघितलं, मग देव शोधत भिंतीकडे, पुन्हा काकूंकडे. काकूंनी अर्धं केळं सोलून चाव्यावालीपुढे धरलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं. तीही चाव्या सावरत खाली बसली आणि खाऊ लागली. दोघी बायका जाळीच्या खोलीत जेवत बसल्या.

ढोल्यानं मान खाली नेली. नाक अन्नाला लागलं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. टिचकीची वाट बघत. काकू दुसरीकडे बघत चावत राहिल्या. टिचकी आली नाही. त्यानं जीभ लावली. थांबला. मग भसाभसा खायला लागला.

काकूंचा हात आपसूक त्याच्या पाठीवर जायला निघाला, तो चाव्यावालीनं अलगद धरला. आता बोलायचं नव्हतं, हातही लावायचा नव्हता. त्यानं वर बघितलं असतं तर पुन्हा त्याच गाठीत अडकला असता. भेटीची वेळ अजून बरीच शिल्लक होती. काकूंनी डबा झाकला, बूट काढून हातात घेतले आणि पाठमोऱ्या ढोल्याकडे बघत उलट्या पावलांनी दाराशी आल्या. चाव्यावालीनं चाव्यांचा जुडगा मुठीत आवळून, आवाज होऊ न देता कडी सरकवली.

बोळात भिंतीआड काकू उभ्या राहिल्या. आतून भांडं फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. चाटून चाटून तो भांडं कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत असणार, घरीही नेत असे. मग आवाज थांबला. क्षणभर काहीच नाही. मग तो भुंकला. एकदा. पुन्हा. मग थांबेचना.

काकूंनी पदर तोंडात कोंबला.

चाव्यावाली पुन्हा आत जाऊन भांडं घेऊन आली आणि तिनं ते उलटं करून दाखवलं. खाली काही पडलं नाही. "उद्या?" तिनं विचारलं.

"उद्या तुम्ही जेवा त्याच्यासमोर," काकू मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करत म्हणाल्या. "रोज जेवा. आणि माझा आवाज लावू नका."

आतलं भुंकणं चालूच होतं. काकूंनी बूट घातले, औषधाच्या पाण्यात बुडवले आणि पहिलं दार मागे लागायची वाट बघत त्या चिंचोळ्या जागेत उभ्या राहिल्या.