कापडी टोप्या

सून मला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या संग्रहालयात घेऊन गेली. मी शाळेत वर्षानुवर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवला, म्हणून तिची हौस. एका काचेच्या कपाटात जुन्या खेळाडूंच्या टोप्या होत्या, साध्या कापडी. शेजारची पाटी वाचून ती म्हणाली, "आई, तेव्हा हेल्मेटं नव्हतीच. डोक्याला चेंडू लागून एक खेळाडू गेला म्हणे."

मी कपाटाच्या कडेला हात टेकला.

आमच्या शाळेत एकच हेल्मेट होतं आणि त्या दिवशी त्याचा पट्टा तुटला होता. "काही होत नाही गं, जा," म्हणत मीच संघातल्या सुनंदाला तशी, हेल्मेटशिवाय खेळायला उभी केली. चेंडू कानशिलावर बसला. ती कोसळली, मग उठून हसली. "बरी आहे मी, बाई." मीही लगेच खेळ पुढे सुरू केला. घाबरायला तेव्हा सवडच नव्हती. भीती बहुधा माणूस रिकामा होण्याची वाट पाहत बसते.

"आई, बसता का जरा?" सुनेनं विचारलं.

मी बाकावर बसले. सुनंदा आज दोन लेकरांची आई आहे, हे मला ठाऊक आहे. तरी डोळ्यांसमोर ती मातीत पडली होती आणि या वेळी काही केल्या उठत नव्हती.