लिव्हर मी दिलं, चहाही मीच करायचा?

आज दुपारी डोकं सटकलं, म्हणून लिहितेय.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या लिव्हरचा मोठा तुकडा नवऱ्याला बसवला. माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, त्यामुळे पोटावर मोठा व्रण नाही. हाच माझा गुन्हा!

आज जेसल पार्कहून त्याची काकू त्याला बघायला आली. त्याला शहाळं दिलं, डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “चहा टाक गं. तुझं काय, दुर्बिणीतून तर झालंय. एवढुसं कापलंय!”

मी म्हटलं, “कापलंय एवढुसं, पण काढलंय किती ते विचारा ना तुमच्या पुतण्याला.”

पुतण्या मोबाईलमध्ये मान घालून गप्प.

मैत्रिणींनो, लिव्हर तर दिलं. आता बोलायला जीभही मीच देऊ का याला?