डाव्या दाराची पट्टी

दादाची गाडी सापडली तेव्हा तिचा हँडब्रेक ओढलेला होता आणि काचा वर होत्या. तलासरीहून डहाणूला परतताना त्याच्या छातीत दुखू लागलं असावं. त्याने गाडी शिस्तीत महामार्गाच्या कडेला घेतली आणि तिथेच गेला. त्याला आम्ही घरी आणलं, गाडी मात्र रात्रभर तिथेच राहिली. सकाळी आणायला गेलो तर तिच्यावरचं चकाकणारं जे जे होतं ते कोणीतरी उपटून नेलेलं. आरसे, चाकांच्या टोप्या, दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्या, सगळं. उरली ती पट्ट्यांच्या क्लिपांची भोकं. त्या माणसांचा मला अजून संताप येतो.

पूर्वी मुंबईत टॅक्सी म्हणून धावायच्या त्याच जातीची ही गाडी, आता बनायचीही बंद झालेली. मला गाड्यांचं वेड नाही. मी आयुष्यभर मोटरसायकलवाला माणूस, स्टेशनवर नोकरी केली आणि निवृत्त झालो. ताडपत्री टाकून गाडी शेडमध्ये ठेवली की सुटलो, असं वाटलं होतं.

पण आई भिंत धरत रोज शेडपर्यंत जायची. तिला दिसत जवळजवळ नव्हतंच, आणि आठवणीचाही भरवसा उरला नव्हता. ताडपत्री सारून ती डाव्या दारावरून हात फिरवायची, कारण ती नेहमी त्याच बाजूला बसायची. भोकापाशी बोट अडलं की विचारायची, "हे काय रे टोचतंय? पट्टी कुठे गेली?" मग चोरी सांगावी लागे, आणि चोरी सांगितली की गाडी तिथे का उभी होती तेही सांगावं लागे. मुलगा गेल्याचं ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची. तिथेच खाली बसायची. मी खोटं बोलून पाहिलं, पण माझं खोटं तिला आवाजावरून कळायचं. त्या भोकांवर पट्टी परत बसवायची, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

तलासरीचा मिस्त्री म्हणाला, "भोकांत पुट्टी भरून रंग मारतो ना, शेठ. पट्टीच्या मागे कशाला लागता?" आईचा हात भोकं नाही, पट्टी शोधत होता. कामाला हात लावायच्या आधी त्याची एक अट होती. "माणूस गेलेली गाडी आहे. आधी घरचं कोणीतरी बसू द्या, मग मी बसतो." मी बसलो. दादा उंच होता, त्याने सीट मागे घेतलेली होती आणि माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. ती पुढे ओढायचा मला धीर झाला नाही. मी सीटच्या कडेला टेकून राहिलो. पाठ टेकली तर कोणाच्या तरी छातीला लागेल असं वाटत होतं. मला भीती वाटली, उगाच लपवत नाही.

वापीचे भंगारवाले पालथे घातले. फोनवर सगळीकडे एकच उत्तर, माल बंद झाला. एकाने ॲल्युमिनियमची पट्टी करून दिली. ती दारावर लावली तर आईने हात फिरवून लगेच सांगितलं, "ही आपली नाही."

शेवटी बोर्डीला एका म्हाताऱ्या वाडीवाल्याकडे, चिकूच्या क्रेटांमागे, तसलीच गाडी निघाली. तिच्यावर सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. मला हवी होती एक. तो म्हणाला, "छूटक नथी आपवानू, भाई. आखो सेट लेवो होय तो बोल." म्हणजे सुटी पट्टी नाही, घेतला तर अख्खा सेट. त्याने पुदिना घातलेला चहा पाजला, पण भाव काही सोडला नाही. तेवढ्या पैशांत एखादी चालती गाडी आली असती. हातात तेवढे नव्हते, म्हणून मी माझी मोटरसायकल विकली. तिचा आवाज फाटकाशी आला की आई आतून म्हणायची, "धाकटा आला." विकताना हे माझ्या मनातही आलं नाही.

पट्ट्या बसल्या त्या दिवशी मी पाठीशी उशी घेऊन गाडी दारात आणून उभी केली. आई आवाजानेच बाहेर आली. डाव्या दारावर तिचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कुठेही न अडता. तिने काही विचारलं नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. आत बसत ती म्हणाली, "मोठ्या, बोर्डीला ने रे मला, समुद्रावर."

मी किल्ली फिरवली. मी धाकटा आहे, असं म्हटलं की पुढे मोठ्याचं सांगणं आलंच.

वाटभर ती बोलत होती. इतकं ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. बोर्डीला सुरूच्या झाडांखाली गाडी थांबवली तशी ती एकाएकी माझ्याकडे वळली.

"धाकट्याला सांगून आलास ना? घरी येऊन शोधत बसेल."

"सांगितलंय."

"जेवला का तो?"

"जेवला."

तिने चाचपडत माझा हात धरला. "त्याच्याकडे लक्ष ठेव हं. तो मनातलं कोणाला सांगत नाही. मला त्याचीच काळजी वाटते."

"ठेवीन," मी म्हणालो.