आईच्या नावाखालचे फोटो

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायलाच हवं होतं ती तर आता राहिली नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते — मी रडणार नाही. माफीबिफी मागणार नाही. ऐकायचं तर असंच ऐका.

आमचं घर भिलाईत, कॅम्प वनमध्ये. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. घरामागच्या गल्लीत आमचा बुद्धविहार. तो बायांनी उभा केला — हो, बायांनीच, माणसं तर शिफ्टमध्ये असायची. त्या बायांमध्ये माझी आई होती, सुमन. आणि तिची मैत्रीण शांतामावशी. शांतामावशी बोलायची. माइक हातात घेतला की सगळी गल्ली ऐकत राहायची. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा तिच्याच हातात. आणि आई? आई विहाराच्या पाठीमागे, विटांच्या चुलीपाशी. बुद्धपौर्णिमेची खीर तिची, जयंतीचं जेवण, खिरीसकट, तिचं. लोक जेवून घरी जायचे तेव्हा ती गंज-पातेली घासत असायची.

मी वैशाली नगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणून विहाराच्या कमिटीने जुने फोटो माझ्याकडे पाठवले, पिशव्या भरभरून. हॉलमध्ये मोठा स्क्रीन लावायचा होता. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचे सगळे फोटो समोर यावेत. मी ते स्कॅन केले आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकले. तुम्ही पाहिलं असेल हे — ते सगळे चेहरे वेचून काढतं, एकेका चेहऱ्याचा ढीग लावतं आणि विचारतं, हे कोण? एकदा नाव दिलं की सगळ्या फोटोंवर तेच नाव चढतं.

मी आईच्या ढिगाची वाट पाहत होते. सगळे आले. कमिटीचे प्रधान आले, सचिव आले, कधीतरी एकदा रायपूरहून आलेले पाहुणे आले. फटाके पाहून रडणारी पोरं आली. आई आली नाही. एकही फोटो नाही! इतकी वर्षं, इतके कॅमेरे, आणि एकालाही विहाराच्या मागे जावंसं वाटलं नाही? खीर कुठून येते हे पाहावंसं वाटलं नाही? मला राग आला. तो राग अजून आहे. तो चूक होता असं मी आजही म्हणत नाही.

शांतामावशीचे मात्र दोन ढीग पडले होते. एक तरुणपणीचा. दुसरा नंतरचा — अंग भरलेलं, जाड काचांचा चष्मा, पांढरी साडी. सॉफ्टवेअरला ती एकच बाई वाटत होती, पण खात्री नव्हती. त्याने विचारलं, ही तीच व्यक्ती आहे का?

आईचाही चष्मा तसाच. बांधाही तसाच. पांढरी साडी तर सगळ्याच बाया नेसायच्या.

मी 'नाही' दाबलं. आणि दुसऱ्या ढिगाला आईचं नाव दिलं.

चुकून झालं, हात घसरला — असलं काही मी सांगणार नाही. शांतामावशी वारली होती, तिला काय कळणार होतं? माझी आई जिवंत होती. तिला एकदा तरी सगळ्यांच्या पुढे उभं असलेलं पाहायचं होतं मला. मिरवणुकीच्या तोंडाशी, हातात झेंडा घेऊन. पाहिलं. खूप बरं वाटलं. तेवढंच असतं ना, तर मी हे कोणाला सांगितलंही नसतं.

स्क्रीन सुरू झाला त्या दिवशी मी आईला ऑटोत बसवून घेऊन गेले. शांतामावशीची मुलगी प्रमिलाही आली होती, कुम्हारीहून, बसने. तिने आपल्या आईच्या नावावर बोट ठेवलं. तरुणपणीचे थोडेसे फोटो आले आणि संपले. ती पुन्हा पुन्हा बोट लावत राहिली.

"ताई, इतकेच कावून?" तिने मला विचारलं. "माही आई तर दरसाल समोर राहायची."

मी म्हटलं, "जे मिळाले ते टाकले."

मग माझ्या आईचं नाव लावलं गेलं. स्क्रीनभर मिरवणूक, पुढे झेंडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई जवळ गेली, मान वर करून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे मी नोहो वो. हे तर शांता होय. मी तवा मांगं खीर घोटून राहिली होती."

प्रमिला वळली. सचिव वळले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि मी काय केलं? आईच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच, लेक ठेवते तसा.

"आई, तुले आता आठवत नाही. तूच होय ते. चष्मा पाय ना, तुहाच हाय."

लोकांनी समजून मान हलवली. वय झालं, होतं असं. प्रमिलाने डोळे खाली घातले. आईने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "असन बाप्पा. तू म्हणतेस तर असन."

माझा गुन्हा सॉफ्टवेअरमधला नाही. हा आहे.

कारण आईने माझं खरं मानलं. त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट मला विचारायला लागली. "गॅस बंद केला ना मी?" "तुहे बाबा पाऊस असताना गेले, का नोहता पाऊस? मले बरोबर आठवते ना वो?" पुढच्या बुद्धपौर्णिमेला बाया तिला बोलवायला आल्या, तर ती चुलीपाशी गेलीच नाही. म्हणाली, "नको. मी साखर दोनदा टाकीन." खीर दुसऱ्याच कोणी केली. आई हॉलमध्ये खुर्चीवर बसून राहिली, पाहुण्यासारखी.

त्याच हिवाळ्यात ती गेली.

नंतर मी विहारात जाऊन टॅग बदलले. शांतामावशीचे दोन्ही ढीग एक केले. प्रमिलाला बोलावलं. तिने मिरवणुकीतली आपली आई पाहिली आणि माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्ही शोधून काढले." सचिव म्हणाले, "सॉफ्टवेअर की गलती थी, सुधर गई." मी मान हलवली. प्रमिलाचे आभारही घेतले — घेतले, परत दिले नाहीत.

आईच्या नावाखाली आता एकच फोटो आहे. सगळे फोटो पुन्हा पाहताना सापडला. भाषणाच्या फोटोत, अगदी कडेला, दारातून दिसणारा एक कोपर आणि पळी. सॉफ्टवेअरला त्यात माणूस दिसत नाही. मी हाताने चौकोन काढून नाव दिलं. सचिव म्हणाले, ताई, यात चेहराच नाही. मी म्हटलं, राहू द्या. काढून तर पाहा.

पण आईला मी सांगितलं नाही. वेळ नव्हता असं म्हणू नका, भरपूर होता. रोज संध्याकाळी ती दारात बसायची, मी शेजारी मेथी निवडत असायचे. ती विचारायची, बरोबर आठवते ना मले? मी म्हणायचे, हो हो. एकच वाक्य बोलायचं होतं — त्या दिवशीही तुझंच बरोबर होतं. बोलले असते तर काय झालं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आई दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालून निघाली असती, कुम्हारीची बस पकडून प्रमिलाच्या दारात उभी राहिली असती आणि तिला म्हणाली असती, माह्या लेकीनं तुही माय चोरली.

म्हणून बोलले नाही.