करंट गेला

बेळगुंदीच्या साहित्य संमेलनाच्या पत्रिकेत कथाकथनासाठी रचनाचं नाव छापून आलं. त्या घरातल्या कुणाचंही नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेतच छापलेलं. आई मनुबाईनं पत्रिका यंत्रमागाच्या वरच्या भिंतीला चिकटवली आणि वडगावातली सगळी गल्ली बोलावून दाखवली. अडचण एकच होती, गोष्ट तयार नव्हती.

गोष्टीचं सामान मात्र पुष्कळ होतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात पार्ट तपासता तपासता जे सुचेल ते रचना व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायची. तो ढीग आवरायला तिनं लॅपटॉपवर नोट्सचं सॉफ्टवेअर घेतलं आणि क्वालिटीवाल्या पोरीला शोभेल असंच केलं. फोल्डरात फोल्डर, आणि प्रत्येक टिपणाला पार्ट नंबर. भांडण-००३. लग्न-०११.

जेवणाच्या सुट्टीत तिनं ते कौतुकानं शेजारच्या मशीनवरच्या शामूअण्णांना दाखवलं.

"गोष्ट हाय का स्टोअररूम गं ही?" अण्णा म्हणाले. "आता रडणंबी गेज लावून मापणार व्हय?"

रचना हसली, पण ते तिला लागलं. खरंच, हवं ते टिपण चटकन सापडत होतं आणि गोष्ट एक ओळ पुढं सरकत नव्हती.

रविवारी दुपारी मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला. धागा निसटू नये म्हणून बोटांना राख लावून मनुबाई नवा ताणा जोडायला बसली. "ये गं, हात लाव."

हे काम रचनाच्या बोटांना लहानपणापासून पाठ होतं. जुना ताणा काढायचा नाही. त्याच्या एकेका टोकाला नवा धागा पिळून जोडायचा. मग जुना ओढला, की नवा आपसूक फणीतून पार होतो. अर्ध्यावर तिचे हात थांबले. आपण तर एकेक धागा वेगवेगळ्या डब्यात कोंबून ठेवलाय!

ती उठून लॅपटॉपकडं धावली.

"अगं, हाताला राख हाय, त्याला लावू नगो!" मनुबाई ओरडली.

त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन चौकोनी कंसांत दुसऱ्या टिपणाचं नाव लिहिलं, की दोन्ही जोडली जातात, हे तिनं वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता तिनं नंबर पुसले आणि जोडत सुटली. गल्लीतल्या अंबुबाईचं लग्न कधी ठरलं? करंट गेला तेव्हा. भावाभावांचा अबोला कधी सुटला? करंट गेला तेव्हा. सगळे धागे एकाच दोन शब्दांच्या टिपणाला येऊन मिळाले. करंट गेला, की गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात, आणि तेव्हाच माणसांना एकमेकांचं ऐकू येतं. झालं, गोष्ट मिळाली!

बेळगुंदीचा मांडव भरला होता. रचना मोबाइलवर टिपणं बघत गोष्ट सांगत होती. गोष्टीत माग गप्प होतात तिथं ती आली, आणि लाउडस्पीकरच बंद पडला.

मग बायकांतून मनुबाईचा आवाज आला, "करंट गेला गं!"

मांडव हसून हसून लोटपोट झाला. रचनानं मोबाइल पर्समध्ये टाकला. कुठला धागा कशाला जोडलाय, ते आता तिला पाठ होतं. ती स्टेजवरून उतरली, लोकांत उभी राहिली आणि खड्या आवाजात पुढं सांगू लागली. मागचे लोक खुर्च्या ओढत जवळ आले.

मधेच करंट आला. माइकवाला माइक घेऊन धावत आला, तर चारी बाजूंनी लोक त्याच्यावर ओरडले,

"बंद कर रं ते! ऐकू दे की!"