भरतीची गोळी

माझ्या काउंटरच्या काचेवर ती रोज उजव्या हाताची बोटं एकेक करून आपटायची. सुरुवात करंगळीपासून. टक, टक, टक, टक, आणि जरा थांबून अंगठ्याचं एक जोरात टक. मग दुकानात जे कोणी उभं असेल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायची, "हायत! पाची हायत."

नवं गिऱ्हाईक दचकून तिच्या हाताकडे बघायचं. जुनं म्हणायचं, "काल पण पाचच होती, नाखवीण." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे, "कालचा मासा आज कोन घेतं? आजचं बोल."

रेवदंड्याला मासळीबाजारासमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. तिचा नवरा होडीचा मालक, म्हणून ती नाखवीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, होडी मुलगा चालवू लागला, घरात सून आली, तरी नाखवीण हीच राहिली. सून बालवाडीत शिकवायची. तिला कोणी नाखवीण म्हटलेलं मी ऐकलं नाही आणि तशी कोणाची हिंमतही नव्हती. मी पहिल्यांदा "मावशी, तुम्ही" असं म्हणालो तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. "कोनाला बोलतंस? मी काय तलाठीन हाय? तू बोल." तेव्हापासून ती मावशी आणि मी दादूस.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेलच, जिचं दुखणं आसपासच्या सगळ्यांना कामाला लावतं.

हिची दुखणी दोन होती. पहिलं थायरॉइड. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की गळ्यातली ग्रंथी सुस्त झाली आहे. नाखविणीने बाजारात ते असं सांगितलं, "गल्यात एक इंजिन असतं. माजं थंड परलंय." दुसरं दुखणं नसांचं. तळपाय जळायचे, बोटांना आधी मुंग्या आणि मग बधिरपणा. थायरॉइड फार दिवस अंगावर काढल्यामुळे नसा दुखावल्यात, ते ताळ्यावर आलं की बोटं हळूहळू सुधारतील, पण महिने लागतील, असं बाईंचं म्हणणं. त्यासाठी उठल्यावर रिकाम्या पोटी थायरॉइडची छोटी पांढरी गोळी, तिच्यावर तासभर चहासुद्धा नाही, आणि झोपताना नसांची कॅप्सूल.

गोळ्या सुरू झाल्या त्या शिमग्याच्या सुमारास. कॅप्सूलने पहिल्या महिन्यात गंमत आणली. गुंगी सकाळपर्यंत उतरायची नाही आणि नाखवीण मासळीबाजारातल्या तिच्या विक्रीच्या ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या काढायची. मी स्वतः पाहिलंय, एक मुंबईकर पापलेटांचा भाव करत होता आणि ही डोळे मिटून, घोरत, दर थोड्या वेळाने "नाय परवरत" म्हणत होती. शेवटी त्याने तिच्याच भावाने घेतली. जागी झाल्यावर तिला काही आठवेना. "झोपेत जास्ती बरा धंदा होतो," असं तिने मला सांगितलं आणि डोस वाढवून मागितला.

पुढे एकदा पंधरा दिवसांची कॅप्सूलची पट्टी तिसऱ्याच दिवशी संपली. मी विचारलं तर म्हणाली, "वाटली." शेजारणीचे पाय जळतात, तिला दोन. जावेची कंबर धरली, तिला तीन. मी जाम भडकलो. मी तसा शांत माणूस नाही, आणि औषधाच्या बाबतीत तर नाहीच. ज्याचं औषध त्यानेच घ्यायचं असतं, दुसऱ्याला त्याने चक्कर येऊन तो पडू शकतो, वगैरे सगळं मी तिला भर दुकानात सुनावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "दादूस, प्रसाद आनि औषद एकट्यानं खाल्लं तर लागू परत नाय." मी कपाळावर हात मारला, आणि त्यानंतर तिला कॅप्सूल चार-चारच द्यायला लागलो.

बोटं ती का मोजायची, हे तिने मला दिवाळीनंतर एका दुपारी सांगितलं, दुकानात कोणी नसताना.

मासळीबाजारात तिच्या अंगठ्याला मान होता. माशाच्या पोटावर अंगठा दाबायचा आणि निकाल द्यायचा, "आजची", "कालची", "बर्फातली". लिलावात दुसऱ्या बायाही घेण्याआधी मासा तिच्यापुढे धरायच्या. तोच अंगठा आता मुका झाला होता. ती दाबायची आणि अंदाजाने ठोकून द्यायची. त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाला शिळी सुरमई आजची म्हणून गेली.

"भांडला असता तर मी पन भांडली असती," ती म्हणाली. "पन तो गप दुसऱ्या दिशी बाजूच्या वट्यावर गेला रं. मान खाली घालून गेला. माजीच लाज त्याला वाटली."

ती काचेवर अंगठा घासत राहिली. "सासूची जागा हाय ती. खोटं बोलून नाय बसायची. येत्या नारली पुनवेपरत आंगठा आला तर ठीक. नाय आला तर मी उटली. तू कोनाला बोलू नको."

त्या दिवसापासून ती काचेवर टक टक करायला लागली की मी चिठ्ठी वाचायचं सोडून अंगठ्याचा आवाज ऐकायचो. मला त्यातलं काय कळणार होतं, पण ऐकायचो.

रक्ताचा रिपोर्ट आला, वाईट. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. शिमग्याला परत रिपोर्ट, परत वाईट. या वेळी बाईंनी मला फोन केला आणि फार गोड आवाजात विचारलं की, तुम्ही गोळ्या उन्हात तर ठेवत नाही ना? मला, डी. फार्म. झालेल्या माणसाला! माझ्या दुकानात मी स्वतः घामाने भिजलो तरी चालेल, पण औषधाला ऊन लागत नाही. फोन ठेवला आणि ठरवलं की आज या बाईच्या गोळ्यांचा छडाच लावायचा.

ती आली. टक टक झालं. मग नेहमीसारखी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून म्हणाली, "आज कंची तीत?" हे ती रोज विचारायची. मी समजायचो, बाई देवभोळी, उपास-तापास पाळत असेल. उपास असला तरी गोळी घ्यायचीच, असं तिला दोनदा बजावलंही होतं.

"पंचमी," मी म्हणालो. "मावशी, गोळी रोज घेतेस?"

"रोज."

"आज घेतलीस?"

"आज?" तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "पाच पावनं पावनेचार. अजून टाईम हाय."

"पावणेचार काय? दुपारचे?"

"मंग! पंचमीची दिवसाची भरती पावनेचारला. भरतीला होरी येते, होरी आली की मी बंदरावर जाते. जाताना गोली."

मी मूळचा तळा गावचा. आमच्याकडे भातशेती. पाऊस, चिखल, लावणी यांतलं विचारा. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि तिथीला पाऊणने गुणलं की तिची वेळ निघते, हे मी रेवदंड्यात इतकी वर्षं राहून त्या दिवशी शिकलो. या बाईची गोळीही रोज पाऊण तास पुढे सरकत होती. आज नाश्त्यावर, परवा चहावर, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता भात-कालवणावर.

"मी रिकाम्या पोटी सांगितलं होतं ना?" मी जवळजवळ ओरडलोच.

"अष्टमीला रिकामंच असतं रं," ती समजुतीने म्हणाली. "अष्टमीची भरती सकाली सहाला."

"आणि पावसाळ्यात? जून-जुलैत?"

आता तिला माझी कीव आली. "तवा बंदी असते. होरी वर कारून शाकारलेली. होरी नाय तर गोली कुटची?"

त्या दोन महिन्यांत ती गोळ्या न्यायला आलीच नव्हती. मला वाटलं होतं, सुनेने अलिबागहून आणल्या असतील. विचारलं मात्र नव्हतं. चूक तिची एकटीची नव्हती, माझीही होती, हे मला तिथल्या तिथे कळलं आणि माझा आवाज खाली आला. आम्ही दोघं वर्षभर "उठल्यावर" म्हणत होतो. तिचं उठणं म्हणजे बंदरावर जायला उठणं, ते भरतीवर, आणि माझं घड्याळावर.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या आधी बराच वेळ हसल्या, मग माझी माफी मागितली, आणि डोस वाढवण्यापूर्वीचाच करून रोज सकाळी सहा वाजता घ्यायला सांगितला. भरती असो, ओहोटी असो, सहा म्हणजे सहा.

नारळी पौर्णिमेला पाच महिने उरले होते.

मोबाइलमध्ये गजर लावून दिला. दोन दिवसांनी कळलं की ती तो बंद करून झोपते. "यंत्राचं कोन ऐकतं? मानूस बोलला तर गोष्ट वेगली." तेव्हा मानूस कोण, हे ठरलंच. साडेसातच्या आधी डोळा न उघडणारा मी रोज सहाला फोन करायला लागलो. बायको म्हणाली, "माझ्यासाठी कधी उठलात का एवढ्या सकाळी?" तिचं बरोबर होतं.

"मावशी, गोळी."

"घेते, घेते. वरडू नको." मग तांब्याचा आवाज, पाण्याचा घोट, आणि फोनवर बोटं आपटल्याचा आवाज. "पाची हायत. ठेव."

मी परत झोपायचो. सातला फोन वाजायचा. "दादूस, आता च्या पिऊ?"

हे तिला न विचारताही करता आलं असतं. पण चहाशिवाय काढलेल्या त्या तासाचा कोणालातरी जाब विचारायचा असे, आणि त्यासाठी मी होतो. "मानसानं च्याबिगर तासभर जगायचं म्हंजे काय? ही गोली कारनाऱ्याला बायको नसंल." एक जूनला सहाच्या फोनवर म्हणाली, "आज कशाला? बंदी लागली." मी म्हणालो, "बंदी होडीला, गोळीला नाही." मग तांब्याचा आवाज आला.

पावसाळाभर फोन चालू होते. जुलैचा रिपोर्ट चांगला आला. अंगठ्याचं मात्र ती काही बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. विचारायची भीती वाटायची.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला गेला, होड्या बाहेर पडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओले हात घेऊन दुकानात शिरली आणि दोन सुरमया धाडकन माझ्या काचेवर टाकल्या. खोकल्याच्या बाटल्यांशेजारी. एक गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन उभे होते, ते दोन पावलं मागे सरले.

नाखविणीने डोळे मिटले. एकीच्या पोटावर अंगठा दाबला. "ही आजची." दुसरीवर दाबला, जरा थांबली, परत दाबला. "ही कालची. बर्फातली."

मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "कलला, दादूस. मना आतून कलला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मी आपला माशांच्या वासाने डोळे चुरचुरतात असं त्या गृहस्थांना सांगितलं. आजची सुरमई तिने मला दिली आणि कालची परत नेली. "ही कालची म्हनून इकनार," असं दारातून बजावून गेली.

ती ओट्यावरच राहिली. तळपायांची आग कमी झाली, पण थांबली नाही. कॅप्सूल चालूच होती, आणि पाय जास्त जळले की ती बर्फाच्या पाटीला तळवे टेकवून बसायची. जुनं गिऱ्हाईकही एक दिवस परत आलं. तिने त्याला मागचं काही विचारलं नाही, फक्त मासा त्याच्या पुढ्यात धरून म्हणाली, "दाब, तूच दाब."

असे पावणेतीन वर्षं सहाचे आणि सातचे फोन झाले. गेल्या थंडीत एका सकाळी मी फोन केला तर मुलाने उचलला. "दादा, आई उठली नाय," एवढंच म्हणाला. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती ओट्यावर होती. माझ्यासाठी अंगठ्याने दाबून एक पापलेट काढून ठेवलं होतं.

तेरा दिवस झाले. ओटा रिकामा होता, बाजूच्या बायांनी तिथे पाटी सरकवली नव्हती. चौदाव्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली आणि अर्धवट झोपेतच बोटाने तिचा नंबर लावला. पलीकडून सुनेचा आवाज आला तेव्हा मी भानावर आलो.

"चुकून लागला, वहिनी. सवयीने. माफ करा."

"ठेवू नका, दादा," ती म्हणाली. "मला पण थायरॉइड निघालंय, दोन महिने झाले. गोळ्या अलिबागहून आणते. आई तुम्हाला सांगणार होत्या. तुमचा फोन झाला की त्या मला उठवायच्या. दादूस बोलला, गोली घे, म्हणायच्या. त्या गेल्यापासून माझ्या चार-पाच चुकल्या."

मग जे रोज बोलत होतो तेच बोललो. "गोळी."

तांब्याचा आवाज आला. पाण्याचा घोट ऐकला. फोन ठेवला, पण परत झोप लागली नाही. मी तसाच पडून राहिलो.

सातला फोन वाजला.

"दादा, आता चहा घेऊ?"